चढता गूळ

सुलाबाईच्या लेकाची गूळतुला म्हणजे जत्रेतला मानाचा कार्यक्रम, असं सुलाबाई समजत असे, आणि खोटं कशाला सांगा, गावही तसंच समजत असे. पलूसच्या अलीकडं, कालव्याला लागून असलेलं हे गाव. गावाबाहेर टेकडी, टेकडीवर भैरोबा आणि भैरोबाच्या मंडपात तुळईला टांगलेला भलामोठा तराजू. चैत्रातल्या जत्रेला नवसाचा माणूस एका पारड्यात बसतो, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या दहा-दहा किलोच्या ढेपा चढतात, आणि दोन्ही पारडी समान झाली की तो गूळ गावभर प्रसाद म्हणून वाटतात. बाकीची माणसं नवस एकदा फेडून मोकळी होतात. सुलाबाई एकेचाळीस वर्षं दर साली फेडत आली होती.

त्याला कारणही तसंच होतं. सुलाबाई मूळची खंडाळ्याकडची, जिराइतातली. बहात्तरच्या दुष्काळात तेरा वर्षांची पोर होती, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडून मिळालेल्या सुकडीवर तिनं दिवस काढले होते. पुढं या पाण्याखालच्या गावात लग्न होऊन आली. इथं ऊस होता, दोन म्हशी होत्या, घरचं गुऱ्हाळ होतं. खायला काही कमी नव्हतं. पण पहिली दोन लेकरं हाती लागली नाहीत. दोन्ही जन्मतःच किडकिडीत, दोन्ही वर्षाच्या आत गेली. तिसरा धैर्यशील. जन्मला तेव्हा जेमतेम दीड किलोचा. सुईण म्हणाली, "बाई, याच्यावर लय जीव लावू नगंस." श्वास घेताना त्याची इवलीशी छाती अशी वरखाली व्हायची की बघणाऱ्याला दम लागावा.

सव्वा महिन्यानं सुलाबाई त्याला पदराखाली घेऊन टेकडी चढली आणि देवापुढं उभी राहून म्हणाली, "ह्याला राख. दर साली ह्याच्या भारंभार गूळ घालीन." एवढं ती मोठ्यानं बोलली, म्हणून ते गावाला ठाऊक. त्यापुढचं मनात बोलली: गूळ सालागणिक चढताच आसंल, एक भेलीबी मागं सरणार न्हाई. हे फक्त तिला ठाऊक आणि भैरोबाला.

पोर जगलं. नुसतं जगलं नाही, फुगलं. सुलाबाईनं त्याला असं काही खाऊ घातलं की आळीतल्या बायका आपापल्या पोरांना धैर्याचं नाव सांगायच्या. शाळेत असताना तो कबड्डी खेळायचा, तेव्हा खाल्लेलं अंगी लागायचं. पुढं बाप गेला, गुऱ्हाळ अंगावर पडलं आणि धैर्यशील जो खुर्चीत बसला तो बसलाच. शंभर पावलांवरच्या मळ्यातसुद्धा तो बुलेटवर जायचा. कबड्डी सुटली, पण कबड्डीच्या वेळचं जेवण काही सुटलं नाही. एका साली माघात त्याला काविळीनं धरलं आणि अंग उतरलं, तेव्हा सुलाबाईनं चैत्रापर्यंत त्याच्यापुढं ताटावर ताट ठेवून ते भरून काढलं होतं. आईनं लेकाला खा म्हणावं, लेकानं खावं. यात वाईट ते काय, असं कुणालाही वाटेल.

गेल्या चैत्रात तो एकशेअठरा किलो भरला. अकरा ढेपा आणि वर किलोकिलोच्या आठ भेल्या. नानासो गुरवानं आकडा पुकारला तशा टाळ्या पडल्या, आणि सुलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. टेकडी चढताना धैर्यशील दोनदा पायरीवर बसला होता, घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. "ऊन लय हाय," तो म्हणाला होता. चैत्रातलं ऊन ते, असणारच. कुणी मनावर घेतलं नाही.

जूनमध्ये विहिरीवरची मोटार उचलताना धैर्यशीलच्या छातीत कळ आली. डावा हात जड झाला आणि तो बांधावरच खाली बसला. गड्यांनी जीपमध्ये घालून मिरजेला नेला. तिथं मोठ्या दवाखान्यात त्याच्या हृदयाची एक नळी चोंदलेली निघाली. तीत जाळी बसवली. चौथ्या दिवशी डॉक्टर सुमैरा यांनी सासू-सुनेला समोर बसवून घेतलं. पस्तिशीतली बाई, बोलणं शांत, पण आपला शब्द खाली पडू न देणारं.

"यावेळी वेळेवर आलात म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या. "आता दोन गोष्टी. वजन उतरवायचं आणि रोज चालायचं. एक केली आणि दुसरी सोडली, असं चालणार नाही."

सुनेनं, संयोगितानं, वहीत लिहून घेतलं. सुलाबाईनं फक्त 'उतरवायचं' एवढंच ऐकलं. ज्या पोराचं हाडन्‌हाड तिनं चाळीस वर्षं खपून झाकलं, ते ही बाई पुन्हा उघडं करायला सांगत होती. वाळलेलं लेकरू कुठं जातं हे सुलाबाईनं दोनदा बघितलं होतं. डॉक्टरणीनं पुस्तकात वाचलं असेल, तिनं मांडीवर बघितलं होतं.

घरी आल्यावर संयोगितानं कंबर कसली. वजनाचा काटा आणून सोप्यात ठेवला. तुपाचा डबा माळ्यावर गेला. ताटात दीड भाकरी, उसळ, कोशिंबीर, वाटीभर ताक. पहाटे उठून नवऱ्याला कालव्याच्या वाटेनं चालायला पाठवायची. सुलाबाई सगळं बघायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. संयोगिताला वाटलं, आत्यांनी मनावर घेतलं. आत्यांनी मनावर घेतलंच होतं, फक्त दुसरंच काहीतरी.

म्हशींची धार काढायचं काम सुलाबाईकडं होतं. पहाटे धैर्यशील चालायला निघाला की ती गोठ्यातून हळूच हाक मारायची. तिथं वैरणीच्या आड झाकून ठेवलेला वाडगा असायचा: दुधात कुस्करलेली दशमी, वर लोण्याचा गोळा, गुळाचा खडा.

"नगं आई, डॉक्टरनं सांगितलंय," पहिल्या दिवशी तो म्हणाला.

"डॉक्टरला सांगायला काय जातंय? खा. माज्या समाधानाला खा."

आईच्या समाधानाला त्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं, आणि मग रोजच. एवढं पोटात गेल्यावर पाय कुठले उचलतात? तो कालव्याच्या पुलापर्यंत जायचा, कठड्यावर बसायचा आणि पाऊण तासानं घरी यायचा. बायकोला वाटायचं चालून आला. म्हणजे आई सुनेला फसवत होती, नवरा बायकोला फसवत होता आणि दोघं मिळून त्याच्या छातीतल्या त्या जाळीला फसवत होते.

दोन महिने काटा तसूभर हलला नाही. संयोगिता हबकली. एका दुपारी तिचा बांध फुटला. "ढाब्यावर जाताय न्हवं मित्रांसंगं? खरं सांगा. मी हितं मीठ मोजून घालती, आनी तुमी..." ती रडायला लागली. "माझ्या दोन पोरी हायत वो. त्यांच्याकडं तरी बघा."

धैर्यशील मान खाली घालून बसला. आईचं नाव त्यानं घेतलं नाही. भिंतीपलीकडं सुलाबाई डाळ निवडत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिचं झालं. हातातलं सूप तसंच राहिलं. पण दुसऱ्या पहाटे वाडगा पुन्हा वैरणीआड होता.

सप्टेंबरात पुन्हा मिरजेला जायचं होतं. या खेपेला डॉक्टरांनी धैर्यशीलला पळत्या पट्ट्यावर चालवून बघायचं ठरवलं. छातीला तारा लावायच्या, पट्टा हळूहळू वेग घेतो, चढही घेतो, आणि माणूस किती वेळ टिकतो ते बघायचं. सुलाबाई हट्टानं दारात उभी राहिली. डॉक्टर सुमैरा म्हणाल्या, "बघू दे त्यांना."

आधी एक सत्तरीचा म्हातारा चालत होता. निवृत्त पोस्टमन. चांगलं सुटलेलं पोट, आखूड मान; पण गडी नऊ मिनिटं चालला आणि खाली उतरून हसत हसत घाम पुसू लागला. मग धैर्यशील चढला. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यानं दांडी घट्ट धरली. तिसऱ्याला त्याचं तोंड उघडलं, ओठ पांढुरके झाले, आणि सुलाबाईला त्याची छाती दिसली. उघडी, तारांनी भरलेली, वरखाली, वरखाली, हवेसाठी धडपडणारी. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या मांडीवर दीड किलोचं लेकरू असाच श्वास घेत होतं. एवढं मांस चढवलं, एवढं तूप ओतलं, आणि आत लेकरू तसंच धापा टाकत राहिलं होतं. "थांबवा!" ती ओरडली. डॉक्टरांनी आधीच थांबवलं होतं.

"तो म्हातारा..." बाहेर आल्यावर सुलाबाईनं कसंबसं विचारलं. "त्येला बी प्वाट हाय की. मग त्यो कसा चालला?"

"ते चाळीस वर्षं टपाल घेऊन चालले, आई, आणि अजून रोज चार मैल चालतात," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयही मांसाचंच असतं. राबवलं तर बळकट होतं, बसवून ठेवलं तर हरतं. पोट त्यांनाही कमी करायला सांगितलंय मी. पण धैर्यशीलच्या हृदयाला एकशेअठरा किलो ओढायचेत आणि त्याला कसलीच सवय नाही. त्याला दोन्हीकडून मार बसतोय."

धैर्यशील आत कपडे घालत होता. बाकड्यावर सुलाबाई सुनेशेजारी बसली आणि समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "ढाब्यावर न्हाई जात त्यो. मी खायाला घालती. रोज. गोठ्यात."

घरी येईपर्यंत संयोगिता खिडकीबाहेर बघत राहिली. सुलाबाईला वाटलं, आता ही आपलं तोंड बघणार नाही, आणि तिला ते योग्यही वाटलं. पण दुसऱ्या सकाळी संयोगितानं पिठाची परात तिच्यापुढं सरकवली. "आजपास्नं त्यांची भाकरी तुमीच थापा, आत्या. दीडच. तुमच्या हातची आसली की दीड भाकरीत बी त्यांचं भागंल." एवढं म्हणून ती चुलीकडं वळली. सुलाबाईच्या पहिल्या भाकरीचं पीठ डोळ्यांतल्या पाण्यानंच भिजलं.

मग मात्र धैर्यशील खरंच चालला. आधी पुलापर्यंत, दोनदा थांबत. दिवाळीला पुलाच्या पुढं, माळावरच्या टाकीपर्यंत. गुऱ्हाळ सुरू झालं तसा खुर्ची सोडून तो रस कढवायच्या काहिलीपाशी उभा राहू लागला. बुलेट गोठ्याच्या भिंतीला लागली ती लागलीच. माघात तो शेजारच्या गावाला चालत जाऊन आला, मध्ये न बसता, आणि दारात येऊन लहान पोरासारखा म्हणाला, "आई, न थांबता आलो." सुलाबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवून बघितला. आतलं ठोकणं सावकाश होतं, एका चालीत होतं. तिला बरं वाटलं, इतकं बरं तिला कुठल्याच तुलेत वाटलं नव्हतं.

आणि चैत्र जवळ आला.

सोप्यातल्या काट्यावर एकशेएकचा आकडा येत होता. सतरा किलो कमी. घर खूश, डॉक्टर खूश. सुलाबाई दिवसा खूश असायची आणि देवाला दिवा लावताना नजर खाली घालायची. एक भेलीबी मागं सरणार न्हाई, असं बोललेलं. आता एक भेली नव्हे, सतरा मागं सरणार होत्या. जाळी बसवणारी डॉक्टरीण खरी, हे तिला पटलं होतं. पण भैरोबाही खराच होता. त्यानं तिचं ऐकून पोर दिलं होतं, आणि आता ती शब्दाला चुकणार होती. कुणाला सांगावं? सांगितलं तर हसतील, नाहीतर धैर्याच्या मनाला लागेल. ज्या गोष्टी फक्त आपल्याला आणि देवाला ठाऊक असतात, त्यांचं ओझं कुणी वाटून घेत नाही.

जत्रेच्या दिवशी धैर्यशील सगळ्या पायऱ्या एका दमात चढला. वर पोचून मागं वळला आणि आईला हात द्यायला चार पायऱ्या खाली आला. नानासो गुरवानं पारडं धरलं, धैर्यशील बसला, ढेपा चढू लागल्या. दहावी ढेप पडली आणि त्याचं पारडं उचलू लागलं. वर एक भेली, आणि दोन्ही पारडी समान. "एकशेएक!" नानासोनं पुकारलं. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा, आणि मागून कुणीतरी म्हणालंच, "धैर्याआबा लय वाळलं की रं."

सुलाबाईनं डोळे मिटले. देवाकडं बघायचं धाडस झालं नाही. मनातल्या मनात ती म्हणाली, "जेवढं कमी भरलं, तेवढं माज्यातनं घे. त्याला हात लावू नगं." आणि बोलून गेल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. हिशेब मिटला, असं वाटलं.

पण देव हाताशी येऊन तर काही काढून घेत नाही. मग सुलाबाईनंच द्यायला सुरुवात केली. जेवताना अर्धी भाकरी, मग चतकोर. दूध सुटलं. संयोगितानं विचारलं तर "दात दुखत्यात", नाहीतर "आज उपास हाय". दुपारी घरात कुणी नसलं की ती काट्यावर उभी राहायची. चैत्रात सेहेचाळीस होती. वैशाखात त्रेचाळीस. ज्येष्ठात एकोणचाळीस. आकडा उतरला की तिला समाधान वाटायचं. सतरांतले सात फिटले, दहा राहिले.

एका सकाळी ती धार काढता काढता म्हशीच्या पायाशी कोसळली. धैर्यशीलनं तिला दोन्ही हातांवर उचललं. आई जणू वैरणीच्या पेंढीएवढीच होती. मिरजेत रक्त बघितलं, फोटो काढले, सगळं तपासलं. डॉक्टर सुमैरा चक्रावल्या. "आजार काही नाही. या जेवत नाहीत. आणि का जेवत नाहीत ते मला सांगत नाहीत."

घरी आल्यावर दुपारी संयोगितानं तिच्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, दूध, भाजी. सुलाबाईनं ताट हळूच बाजूला सारलं. धैर्यशील तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"आई, माझी आन हाय. काय चाललंय तुजं?"

आन घातली तशी ती बोलली. पहिलं बोलणं, मनातलं दुसरं बोलणं, आणि चैत्रात तराजूपुढं उभी राहून देवाला सांगितलेलं तिसरं. सगळं खालमानेनं. संयोगिता स्वयंपाकघराच्या दाराशी चौकट धरून उभी होती.

 धैर्यशीलचा आवाज फाटला. "सतरा किलो? तू हायस केवढी? मला ठेवायचं आनी तू जायाचं, आसं ठरवून आलीस व्हय देवासंगं? मला इचारलंस?"

"आईला इचारावं लागतंय व्हय रं?" सुलाबाई म्हणाली. "बोलून बसली मी, बाळा. देवापुढचं बोललेलं मागं घेता येत न्हाई."

"बरं. मग मागं घेऊ नगं." तो उठला, माळ्यावरचा तुपाचा डबा काढून आणला, आणि आईचं ताट आपल्यापुढं ओढून भाकरीवर तूप ओतलं. ताटभर. "पुढल्या चैताला एकशेअठराच्या वर भरतो. तुजा नवस बी ऱ्हाईल, तू बी ऱ्हाशील."

"आवं..." संयोगिता पुढं झाली आणि तिथंच थांबली.

त्यानं पहिला घास घेतला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खात होता, तुपानं हनुवटी माखली होती. आयुष्यभर या पोराला खाताना बघून सुलाबाईचं पोट भरलं होतं. आज एकेक घास त्याच्या घशाखाली उतरताना ती बघत होती आणि तिला तो पट्टा दिसत होता, पांढुरके ओठ दिसत होते.

"नगं रं," ती म्हणाली. "धैर्या, नगं."

तो थांबला नाही. तिसरा घास गेला. चौथा ओठापाशी आला तशी सुलाबाई पुढं झेपावली, त्याचं मनगट धरलं आणि घास ओढून घेतला. त्या काडीसारख्या हातांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. बेचाळीस वर्षांत तिनं लेकाच्या तोंडचा घास पहिल्यांदा काढून घेतला होता. तो तिनं स्वतःच्या तोंडात घातला. इतक्या दिवसांत जबड्याची सवय गेली होती. तिला चावायला वेळ लागला. भरल्या तोंडानंच ती टेकडीच्या दिशेनं बघत म्हणाली, "भैरोबा, माजा सबूद मोडला बघ. मला बोल काय बोलायचं त्ये."

मग तिनं ताट आपल्याकडं ओढलं आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.